मावंद्याची अपेक्षा : दूरचित्रवाणीवरील प्रवासविषयक कार्यक्रम आणि खानदेशातील प्रेक्षक

१.

दूरचित्रवाणीवरील प्रवासविषयक कार्यक्रमांचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. एक अंग पर्यटनव्यवसायाचे, दुसरे निर्मितितंत्राचे. या दोन्ही विचारांत प्रेक्षक गृहीत धरलेला असतो. त्याला रम्य दृश्ये हवी असतात आणि ती पाहून तो प्रवासास प्रवृत्त होतो, असे मानून पुढची चर्चा चालते. प्रस्तुत लेखात हे गृहीतच तपासून पाहावयाचे आहे. जो प्रेक्षक दाखविलेल्या स्थळी बहुधा कधीच जाणार नसतो, तोही असे कार्यक्रम आवडीने पाहतो. त्याला त्यातून काय हवे असते, हा या लेखाचा प्रश्न आहे. लेखाची पद्धत पाहणीची नसून साहित्याभ्यासाची आहे. मराठी प्रवासवर्णनाचा वाचक व प्रवासविषयक कार्यक्रमाचा प्रेक्षक यांचे नाते ध्यानात घेऊन हे विवेचन केले आहे.

विवेचनासाठी जळगाव व धुळे हे जिल्हे निवडण्यास कारण आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांनाच पुढे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. हा सारा मुलूख इतरांच्या वाटेवरचा आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळला येऊन एकीकडे खांडव्यामार्गे उत्तरेस व दुसरीकडे नागपुरास जातो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यावरून जातो. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा प्रवासी जळगाव स्थानकावर उतरतो व साठेक किलोमीटर पुढे, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, निघून जातो. ज्या प्रदेशाकडे प्रवासी खिडकीतून पाहतात त्या प्रदेशातील माणसाने प्रवासाचा कार्यक्रम पाहणे, ही स्थिती विशेष आहे. तो एकाच वेळी पाहणाराही असतो आणि पाहिला जाणाराही असतो.

२.

घरी राहून प्रवासात सहभागी होण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. काशीयात्रा करून आलेल्या मनुष्याने गंगापूजन करून आप्तेष्टांना जेवण घालावयाचे, या विधीस मावंदे म्हणतात. यात्रा एकाने करावयाची आणि तिचा वाटा घरी राहिलेल्यांना द्यावयाचा, असा त्याचा आशय आहे. या प्रसंगी यात्रेकरूने आणलेले गंगोदक जसे वाटले जाई, तशाच वाटेतल्या हकिगतीही सांगितल्या जात. जाणारा हा राहणाऱ्यांचे काही देणे लागतो, ही जाणीव त्यामागे दिसते.

मराठी प्रवासवर्णनाचा आरंभीचा एक थोर ग्रंथ या जाणिवेशी जोडलेला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस गेले ते द्रव्यार्जनासाठी. तेथे ते १८५७ च्या उठावात सापडले. परतताना त्यांनी गंगेची कावड घरी आणली आणि आईवडिलांना स्नान घातले. हकीगत मात्र त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिली व ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. कावड हे मातापित्यांचे देणे होते. ग्रंथ हे जे कधी गेले नाहीत अशा सर्वांचे देणे ठरले.

या दृष्टीने पाहिले असता प्रवासविषयक कार्यक्रमाच्या प्रेक्षकाची मूळ अपेक्षा मावंद्याची आहे, असे म्हणता येईल. ‘तू गेलास, आता आमचा वाटा दे’ असे त्याचे न बोललेले मागणे असते. निवेदक स्वतःच्या आनंदात मग्न राहिला, ‘अप्रतिम’, ‘अवर्णनीय’ असे उद्गार काढून थांबला, तर प्रेक्षक उपाशी राहतो. वर्णन करण्यासाठीच ज्याला पाठविले त्याने ‘अवर्णनीय’ म्हणावे, ही कर्तव्यच्युतीच होय.

३.

प्रेक्षकाची दुसरी अपेक्षा सोबतीची. येथे एक योगायोग लक्षणीय आहे. पु. ल. देशपांडे १९५८ साली इंग्लंडला गेले ते बी.बी.सी.मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ (१९६०) हे पुस्तक निर्माण झाले. मराठी वाचकाचे एक अत्यंत लाडके प्रवासवर्णन दूरचित्रवाणी शिकण्याच्या निमित्ताने लिहिले गेले, ही गोष्ट या दोन माध्यमांच्या अभ्यासकाने विसरू नये. ‘अपूर्वाई’चा वाचक केवळ लंडन पाहण्यासाठी ते पुस्तक उघडत नाही. परक्या शहरात गांगरणारा, चुकणारा व स्वतःवर हसणारा आपल्यातलाच एक माणूस त्याला भेटतो, आणि त्याच्या संगतीने परके स्थळ सोसवते. पाहिलेल्या स्थळाइतकाच पाहणारा महत्त्वाचा, हे या प्रकारचे मर्म आहे.

झी मराठी वाहिनीवरील मिलिंद गुणाजी यांच्या ‘भटकंती’ या कार्यक्रमातही, महाराष्ट्रातील गड, डोंगर व आडवाटेची स्थळे दाखविताना, स्थळांना बांधून ठेवणारे सूत्र म्हणजे हिंडणारा एक ओळखीचा माणूसच होता. चढताना धाप लागणारा, वाट विचारणारा, गावकऱ्यांच्या ओट्यावर टेकणारा निवेदक प्रेक्षकाला विश्वासार्ह वाटतो, कारण प्रवासाचे श्रम दिसल्याविना प्रवास घडल्याची साक्ष पटत नाही. उंचावरून फिरणाऱ्या यंत्राने टिपलेली आजची विहंगम दृश्ये कितीही नेत्रसुखद असली तरी ती कोणाच्याच डोळ्यांची नसतात. त्यामुळे ती पाहताना सोबत तुटते.

४.

तिसरी अपेक्षा शब्दाची. दूरचित्रवाणी हे दृश्याचे माध्यम आहे, म्हणून तेथे शब्द गौण, असा समज रूढ आहे. खानदेशातील स्थळे या समजाची कठोर परीक्षा घेतात. जळगावजवळचे भादली हे रेल्वे स्थानक घ्या. छायाचित्रकाला तेथे रूळ, फलाट आणि भोवतालची शेते यांखेरीज काही मिळणार नाही. परंतु ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोंबरे यांचा येथे रेल्वेखाली मृत्यू झाला, तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठाविशीही गाठली नव्हती आणि त्यांचे जन्मगाव धरणगाव येथून फार लांब नव्हते, एवढे सांगितले की तेच रूळ निराळे दिसू लागतात. निसर्गाच्या आनंदाचा कवी या लोखंडी वाटेवर संपला, हे कोणतेही दृश्य आपण होऊन सांगू शकत नाही.

धुळ्याचीही हीच गोष्ट आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. दप्तरे आणि पोथ्या यांत नेत्रसुख ते किती असणार? परंतु हा मनुष्य गावोगाव पायपीट करून कागद गोळा करीत हिंडला. म्हणजे ती दप्तरे हेच एका प्रचंड प्रवासाचे मावंदे आहे, हे ज्या निवेदकाला सांगता येईल तोच तेथे काही दाखवू शकेल. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. शेजारच्या डोंगरातील धबधबा दाखविणे सोपे असते. एका नातवाने आजोबांची विद्या शिकविली जावी म्हणून केलेली तजवीज दाखविण्यास शब्द लागतात. जळगावजवळचे आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. तेथे पाहावयाचे काय, हा प्रश्न ज्याने त्यांची कविता वाचली नाही त्यालाच पडेल.

५.

चौथी अपेक्षा खरेपणाची. परक्या देशाविषयी जे सांगितले जाते ते प्रेक्षक विश्वासाने ऐकतो, कारण पडताळा घेण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. पण कार्यक्रम त्याच्या स्वतःच्या तालुक्यात येतो त्या दिवशी तो परीक्षक होतो, आणि त्या दिवशी ढळलेला विश्वास इतर सर्व भागांना लागू होतो. खानदेशात चित्रीकरणासाठी पावसाळा व त्यानंतरचे दोन महिने सोयीचे. सातपुडा तेव्हा हिरवा असतो, ओढे वाहतात. त्या चित्रावर विसंबून जो मनुष्य मे महिन्यात कुटुंबासह येईल त्याला पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारे ऊन आणि कोरडे कातळ भेटतील. ऋतूचा उल्लेख न करणे हे असत्य नव्हे, तथापि ते अर्धसत्य खासच होय. धुळ्यानजीकच्या लळिंग किल्ल्यावर पाणी बरोबर न्यावे की नाही, चढण किती वेळाची, एस.टी. कोठे सोडते, ही माहिती समीक्षकांना गद्य वाटते. प्रेक्षकाला मात्र ती आपुलकीची खूण वाटते, कारण ‘तू येशील’ असे मानल्याखेरीज कोणी वाट सांगत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत ही कसोटी अधिकच स्पष्ट होते. भरीत व कळण्याची भाकरी यांच्यावाचून खानदेशावरचा भाग पुरा होत नाही. तेथे निवेदकाने घास घेऊन डोळे मिटणे एवढ्यावर प्रेक्षकाचे समाधान होत नाही. वांगे हिरव्या जातीचेच का, ते कपाशीच्या काड्यांवर का भाजावयाचे, कळण्यात ज्वारीबरोबर उडीद का येतात, यांची उत्तरे त्याला ठाऊक असतात. ती इतरांना सांगितली जावीत अशी त्याची इच्छा असते. काळी जमीन, कपाशीचे पीक आणि चुलीतले इंधन यांचा संबंध त्या एका पदार्थात एकवटलेला आहे. तो संबंध वगळला की उरते ती केवळ चव, आणि चव तर पडद्यावरून पोहोचतच नाही.

६.

पाचवी अपेक्षा सर्वांत नाजूक आहे, ती स्वतःच्या आवाजाची. धुळे, नंदुरबार व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी बोलली जाते. यावल, रावेरकडे लेवा गणबोली आढळते. सातपुड्यात भिल्ल, पावरा या समाजांच्या बोली आहेत. प्रवासविषयक कार्यक्रमांत या सर्वांची ‘खानदेशी’ या एका शब्दात मोट बांधली जाते. स्थानिक मनुष्य बोलू लागताच त्याचा आवाज मंद करून त्यावर निवेदकाची प्रमाणभाषा चढविली जाते, किंवा एखादे वाक्य गमतीखातर राखले जाते. पावरा स्त्रियांचे होळीचे नृत्य संगीतासह दिसते. पण नाचणारीला तिचे नाव कोणी विचारीत नाही. दृश्यात असणे आणि संवादात असणे यांत मोठे अंतर आहे. दृश्यात जो केवळ असतो तो निसर्गाचा भाग होतो, डोंगर व झाडे यांच्या पंक्तीला बसतो.

बहिणाबाईंची गाणी १९५२ साली त्यांच्या पश्चात पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांची बोली प्रमाणभाषेत उतरविण्याची गरज कोणास भासली नाही. उर्वरित महाराष्ट्राने ती जशीच्या तशी आपली मानली. वाचकाने पेललेली गोष्ट प्रेक्षकाला पेलणार नाही, असे मानण्यास आधार नाही. बोलीतील वाक्य ऐकू द्यावे व त्याखाली अर्थ लिहावा, एवढीच ही मागणी आहे.

या मागणीचे मोल सौंदर्यशास्त्रापुरते मर्यादित नाही. ज्या मुलाने आपल्या आजीची भाषा पडद्यावर फक्त हशा पिकविताना ऐकली, तो ती चारचौघांत बोलावयास कचरतो. उलट ती भाषा एखाद्या जाणत्याच्या तोंडून वाट सांगताना, औषधी झाड ओळखून देताना, गावाचा इतिहास सांगताना ऐकू आली, तर तिला ज्ञानाची भाषा म्हणून प्रतिष्ठा मिळते.

७.

प्रेक्षकाला उत्तर देण्याची जागाही हवी असते. दूरदर्शनवरील ‘सुरभि’ (१९९० ते २००१) हा कार्यक्रम केवळ प्रवासाचा नव्हता, तरी भारताच्या कानाकोपऱ्यातील कला, स्थळे व परंपरा तो घरोघर नेत असे. सिद्धार्थ काक व रेणुका शहाणे यांच्या निवेदनाइतकेच त्याचे आकर्षण प्रेक्षकांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात होते. अशा स्पर्धांच्या उत्तरांचा लोंढा एवढा वाढला की टपाल खात्याने त्यांसाठी २ रुपये किमतीचे वेगळे पोस्टकार्ड काढले. या पत्रांचे स्पष्टीकरण केवळ बक्षिसाच्या लोभाने पूर्ण होत नाही. ‘आम्हीही येथे आहोत, आम्हांलाही ठाऊक आहे’ असे सांगण्याची ती संधी होती. मावंद्यातही श्रोते नुसते ऐकत नसत, मधेच प्रश्न विचारीत, आपली माहिती जोडीत. आज प्रेक्षक मोबाइलवर स्वतःच आपल्या गावाचे चित्रीकरण करून प्रसारित करतो. त्यात तंत्राची उणीव असेल, पण फार दिवस न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे, हे विसरून त्याचे मूल्यमापन करू नये.

८.

सारांश, वाटा, सोबत, शब्द, खरेपणा, स्वतःचा आवाज आणि उत्तराची जागा या प्रेक्षकाच्या अपेक्षा होत. यांतील एकही अपेक्षा दूरचित्रवाणीने निर्माण केलेली नाही. यात्रेकरूच्या अंगणात बसलेला श्रोता आणि प्रवासवर्णनाचा वाचक यांच्याकडून त्या वारशाने आलेल्या आहेत. म्हणून या कार्यक्रमांची चिकित्सा हे साहित्याच्या अभ्यासकाचेही क्षेत्र ठरते.

खानदेशाच्या बाबतीत या विचारास आणखी एक बाजू आहे. ज्या प्रदेशावरून सारे जातात त्या प्रदेशातील प्रेक्षक जगभरच्या कार्यक्रमांतून आपला वाटा घेत आला आहे. कोणी इकडे येऊन परत गेला, तर त्याने येथील वाटाही इतरत्र तितक्याच प्रामाणिकपणे पोहोचवावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. गाडी जळगावला थांबते ती पुढे जाण्यासाठीच. परंतु फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला नाव आहे, भाषा आहे आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे, याची दखल घेणारा कार्यक्रम त्या माणसाबरोबरच इतर प्रेक्षकांचेही समाधान करील.