यंत्र बसवले, तरी शब्द का कळत नाहीत?

तापाने, क्षयरोगाच्या काही इंजेक्शनांनी किंवा वयोमानाने मोठ्या माणसाचे कान जातात. साध्या श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही, तेव्हा डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट सुचवतात. ऑपरेशन होते, काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात आणि वडील म्हणतात, "आवाज येतोय, पण शब्द कळत नाही." मग घरात कुजबुज सुरू होते की पैसे पाण्यात गेले. तसे नसते.

आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. तिथल्या सुमारे साडेतीन हजार बारीक पेशी आवाज टिपून नसेला देतात. त्या निकामी झाल्या की इम्प्लांट थेट नसेला विजेचे इशारे देते. पण त्याच्या तारेवर 12 ते 22च टोके असतात. हजारोंचे काम दोन डझनांपेक्षा कमी जणांवर पडते, म्हणून शब्दाचे बारकावे पुसट होतात.

पान, मान, भान हे शब्द म्हणून बघा. मान नाकातून येतो, भानमध्ये घसा थरथरतो. असा फरक यंत्रातून बऱ्यापैकी पोहोचतो. पान, तान, कान यांत फक्त जीभ-ओठ कुठे टेकले एवढाच फरक आहे, आणि तोच सर्वांत जास्त हरवतो. 'प' म्हणताना ओठ मिटलेले दिसतात, म्हणून तोंडाकडे पाहिले की पान सुटते. तान आणि कान मात्र वाक्यावरूनच ओळखावे लागतात.

'पा' ऐकताच आपल्या मनात पाणी, पाटी, पातेले असे शब्द उभे राहतात आणि क्षणात नको ते गळून पडतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात संशोधकांनी पडद्यावर चित्रे दाखवून डोळ्यांची हालचाल टिपली. इम्प्लांट वापरणारी मोठी माणसे चुकीचे शब्दही जास्त वेळ मनात धरून ठेवतात, असे दिसले. म्हणजे उत्तर यायला थोडा उशीर होतो. ती मंदबुद्धी नव्हे. उलट ऐकताना मेंदूला जास्त राबावे लागते, म्हणून संध्याकाळपर्यंत माणूस थकतो.

आपल्या मैंदर्गीत तर एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येते. अंदाज बांधायचा तो कोणत्या भाषेत? आधी नाव घेऊन हाक मारा, समोर उजेडात बसा, विषय सांगा, मग एकाच भाषेत बोला. ओरडू नका, त्याने शब्द वेडावाकडा होतो. कळले नाही तर वाक्य बदलून सांगा. "जाऊ दे, काही नाही" हे मात्र नको, त्याने माणूस बोलणेच सोडतो.

भीमगीताचा ठेका लवकर कळतो, चाल मात्र बेसूर वाटते, कारण सूर यंत्रातून नीट जात नाही.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतले इम्प्लांट मुख्यतः लहान मुलांसाठी आहे. मोठ्या माणसासाठी कर्ज काढण्याआधी बॅटरी, तार आणि पुढच्या मॅपिंगचा खर्च विचारून घ्या. मॅपिंग म्हणजे ऑडिओलॉजिस्टने यंत्र त्या माणसाला जुळवणे, आणि ते एकदा करून भागत नाही. पहिल्या वर्षभरात रोज अर्धा तास घरच्या कोणी तरी वर्तमानपत्र हळू वाचून दाखवावे, ऐकणाऱ्याने ओळीवर बोट ठेवावे.