लहान कार्यालयातील संगणक जोडणी व दूरध्वनी : बिघाड कसा शोधावा?

विकास सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संकलन केंद्र, कृषि सेवा केंद्र अशा ठिकाणी आता तीन-चार संगणक, एक प्रिंटर आणि एक-दोन दूरध्वनी असतातच. प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजूर केली. तीत देशातील ६३ हजार संस्था घेण्याचे ठरले. कर्जखाती, खतविक्री, दुधाची बिले असे बरेच काम त्यामुळे वहीतून संगणकात जात आहे. मात्र ही यंत्रणा बंद पडली की काम अडते ते शेतकऱ्याचे. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, खिडकीसमोर रांग असते आणि 'नेट नाही' एवढेच उत्तर मिळते. तालुक्याहून कारागीर येईपर्यंत एक-दोन दिवस जातात, आणि पुष्कळदा तो येऊन सैल झालेली पिन दाबून जातो. याकरिता संस्थेचे सचिव व संगणक चालक यांनी बिघाड कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत शिकून घेणे आवश्यक आहे. दुरुस्ती प्रत्येक वेळी आपणच केली पाहिजे असे नाही.

आधी बिघाडाची व्याप्ती पाहावी

ठिबक संच वापरणाऱ्या बागायतदारास ही पद्धत नवीन नाही. संपूर्ण शेतात पाणी येत नसेल तर आपण पंप व फिल्टर पाहतो, एकाच उपनळीला येत नसेल तर ती नळी पाहतो आणि एकाच झाडाला येत नसेल तर तेथील तोटी साफ करतो. संगणक जोडणीत राउटर हे फिल्टरच्या ठिकाणी, स्विच हे उपमुख्य नळीच्या ठिकाणी आणि प्रत्येक संगणकाकडे जाणारी केबल ही उपनळी समजावी.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की बंद एकच संगणक आहे की सर्व? एकच बंद असेल तर त्याची केबल किंवा तो संगणक तपासावा. सर्व संगणकांवर इंटरनेट नाही, पण कार्यालयातल्या कार्यालयात प्रिंटर चालतो, असे असेल तर स्विच व आतल्या केबली ठीक आहेत. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. आतले कामही बंद असेल तर स्विचकडे वळावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती वगळून लोक थेट संगणकात विंडोज नव्याने भरायला निघतात.

दुसरे असे, की एका वेळी एकच बदल करावा. प्रक्षेत्रावरील प्रयोगात आपण वाण, खतमात्रा आणि पेरणीची तारीख एकदम बदलली तर उत्पादन कशामुळे वाढले ते कळत नाही. येथेही केबल, पोर्ट आणि सेटिंग एकाच वेळी बदलू नये. तुलनेसाठी नक्की चालू असलेली एक केबल कपाटात जपून ठेवावी.

दिव्यांवरून निदान

फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी संगणकात काहीही खटपट करून उपयोग नाही. फायबरची तार टेबलाखाली चेपली अगर तीव्र वळली आहे का एवढे पाहावे आणि कंपनीकडे तक्रार नोंदवावी. ही तार वायरसारखी गुंडाळून खिळ्याला अडकवू नये, तसेच तिचे उघडे टोक डोळ्यासमोर धरू नये.

स्विचवर ज्या केबलचा दिवा लागत नाही ती केबल तुटलेली, सैल किंवा दुसऱ्या टोकाला सुटलेली असते. तेथील संगणक बंद असला तरीही दिवा लागत नाही, हे आधी पाहून घ्यावे. याउलट सर्व दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि सर्वांचेच काम ठप्प असेल, तर एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली गेली आहेत काय ते पाहावे. दिवाळीच्या साफसफाईनंतर हा प्रकार हमखास आढळतो. मोकळे टोक दिसले की कोणीतरी ते भोकात घालतेच!

यंत्रे बंद करून पुन्हा चालू करताना आधी फायबरचा डबा, दोन-तीन मिनिटांनी राउटर, नंतर स्विच आणि शेवटी संगणक असा क्रम ठेवावा. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील 'रीसेट' बटण मात्र दाबू नये. त्याने सर्व सेटिंग पुसले जाते आणि जोडणीचे वापरनाव व पासवर्ड हाताशी नसतील तर चालू असलेलेही बंद पडते.

पत्त्याचे घोटाळे

प्रत्येक संगणकाला राउटरकडून एक क्रमांक म्हणजे पत्ता मिळतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे व केबल आणि राउटर तपासावा.

काही कार्यालयांत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून स्विचला जोडतात. मग दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात. एकाच गावात दोन तलाठी वेगवेगळे उतारे देऊ लागले तर जे होईल तेच येथे होते. आज हा संगणक चालतो, उद्या तो चालत नाही, आणि कारण सापडत नाही. दुसऱ्या राउटरमधील 'डीएचसीपी' ही सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल त्याच्या 'लॅन' भोकात जोडावी. प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे वीज गेल्यानंतर तो 'हरवत' नाही.

पुढील तपासणीसाठी संगणकावरील 'पिंग' ही आज्ञा उपयुक्त आहे. प्रथम राउटरचा पत्ता, नंतर ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव पिंग करावे. राउटर उत्तर देतो, पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष बाहेरच्या जोडणीत असतो. क्रमांकाला उत्तर मिळते आणि नाव मात्र सापडत नाही, असे झाल्यास 'डीएनएस' चे सेटिंग तपासावे.

केबल

तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी. आवारातील भुईकाट्याची खोली याहून दूर असेल तर फायबर टाकणे योग्य. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगाला दोन जोड्या पुरतात, एक गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे उंदराने एखादी जोडी कुरतडली तर जोडणी बंद न पडता नुसती मंदावते, आणि आपण उगाच कंपनीला दोष देत बसतो. धान्य साठविलेल्या आवारात केबल पाइपातूनच न्यावी. तुटलेली केबल पिळून टेप लावून जोडू नये; ती बदलावी. मोटारीच्या वायरीला समांतर व चिकटून केबल नेणे टाळावे.

दूरध्वनी

जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्ट वीज मिळे, म्हणून भारनियमनातही फोन चालत असे. फायबरवरील फोन कार्यालयातील डब्यावर अवलंबून असतो. डबा बंद तर फोनही बंद. म्हणून संगणकाइतकीच, किंबहुना अधिक, डबा व राउटर यांना यूपीएसची गरज आहे.

अंतर्गत एक्स्चेंजवरील एक फोन बंद असल्यास तो उचलून चालू फोनच्या जागी लावावा. तेथेही बंद राहिला तर दोष फोनमध्ये आहे, चालू झाला तर मूळ जागेच्या लाइनमध्ये. पावसाळ्यातच खरखर येत असेल तर जोडपेटीत ओल शिरली आहे, असे बहुधा आढळते. हिरवट गंजलेली टोके कापून नवीन जोड द्यावेत.

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर एकाच बाजूचे बोलणे ऐकू येत असेल तर राउटरमधील 'सिप एएलजी' ही सोय बंद करून पाहावी. बोलणे तुटत असेल तर त्या वेळी कोणी मोठी छायाचित्रे अथवा फाइली वर पाठवीत आहे काय ते विचारावे. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने जेमतेम १०० किलोबिट लागतात, परंतु वर जाणारा मार्गच भरला तर तेवढेही मिळत नाहीत.

वीज

वळीव व परतीच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी यंत्रांचे प्लग आणि तांब्याची फोन लाइन दोन्ही काढावीत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नये. अर्थिंगची तपासणी मे महिन्यात वायरमनकडून करून घ्यावी.

तक्रार नोंदविताना ग्राहक क्रमांक, बिघाडाची वेळ आणि दिव्यांची स्थिती सांगावी, म्हणजे योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो. मात्र 'कंपनीतून बोलतो' असे सांगून कोणी स्वतःहून फोन केला व संगणकाचा ताबा देणारे ॲप टाकण्यास सांगितले, तर ते टाकू नये. फोन ठेवून बिलावरील क्रमांकावर आपण फोन करावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवून कोणती केबल कोठे जाते याचा तक्ता स्विचजवळच्या भिंतीवर लावावा.