रबरी बुचातलं जस्त

आमच्या विंगमध्ये पहाटे उठून चहा करणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. पाणी उकळलं की वर तेलकट तवंग येतो आणि जीभ तुरट होते. टाकीत साबण पडलाय इथपासून मेसवाल्याचा सूड इथपर्यंत सगळे तर्क लढवून झाले होते. प्रॅक्टिकलला मॅडमनी "आपापला नमुना आणा" म्हटल्यावर मी तेच पाणी नेलं.

तवंग आणि तुरटपणा एकत्र दिसले की जस्ताचा, म्हणजे झिंकचा, संशय घ्यावा. आमचे पाईप जीआयचे, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. (गावाकडच्या न्हाणीघरातली जस्ताची बादली याच जातीची.) रात्रभर नळ बंद राहिला की पाईपात उभ्या राहिलेल्या पाण्यात हा थर थोडा थोडा विरघळतो. लिटरमागे ३ ते ५ मिलिग्रॅमच्या पुढे पाणी किंचित दुधाळही दिसू शकतं. नुसते हवेचे बुडबुडे असतील तर ग्लास ठेवून द्यावा, तो खालून वर निवळत जातो.

रात्री नळाला चिकटपट्टी लावली. पहाटे पाचला पहिली धार एका बाटलीत धरली, पाच मिनिटं पाणी सोडून दुसरी भरली. दोन्हींत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणला, नाहीतर जस्त बाटलीच्या भिंतीला धरून बसतं.

ईडीटीएचं टायट्रेशन आपल्याला तोंडपाठ, पण इथे ते कुचकामी. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपुढे एवढंसं जस्त दिसतच नाही. म्हणून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन. ज्योतीतले जस्ताचे अणू २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. किती शोषला त्यावरून प्रमाण कळतं. ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅमच्या स्टँडर्डवर रेघ काढली, नमुना दहापट पातळ केला. पहिल्या धारेचं उत्तर आलं ५.८!

आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे स्वीकार्य मर्यादा ५. दुसरं पाणीच नसेल तर १५ पर्यंत चालतं. ते १५ मी सोयीस्करपणे विसरलो. त्याच संध्याकाळी रेक्टर सरांना अर्ज लिहिला आणि अख्ख्या विंगच्या सह्या घेतल्या. अर्जात "विषारी" हा शब्द दोनदा होता.

मॅडमनी वही पाहून एवढंच विचारलं, "ब्लँक कुठाय?"

मी शून्य लावलं होतं थेट कॅनमधल्या डिस्टिल्ड वॉटरवर. त्या म्हणाल्या, "तसं नाही. तीच बाटली, तेच बूच, तेवढंच ॲसिड आणि तेवढेच दिवस." तसं ठेवलं. ज्यात हॉस्टेलच्या पाण्याचा थेंब नव्हता, त्या ब्लँकमध्ये १.९ निघालं! बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं हरवली होती म्हणून लॅबच्या मामांकडून मी रबरी बुचं मागून घेतली होती. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साईड घालतात, आणि ॲसिड ते सावकाश ओढून घेतं. रबरी हातमोज्यांचंही तेच.

"मग १.९ वजा करू?" मी विचारलं. नाही करायचं. प्रत्येक बूच सारखंच सोडेल याची काय खात्री?

ॲसिडने धुतलेल्या पॉलिथिनच्या बाटल्या घेऊन पुन्हा पहाटे पाच. पहिली धार ३.६, पाच मिनिटांनंतरची ०.३, ब्लँक जवळजवळ शून्य. म्हणजे तक्रार खरी होती, आकडा खोटा होता. सह्या देणाऱ्यांना हे सांगताना माझी बरीच शोभा झाली.

अर्ज मागे घेऊन नवा दिलाय. जस्त तसं शरीराला लागतंच, जुलाब झालेल्या पोराला ओआरएसबरोबर त्याची गोळी देतात. पण पाईपावरच्या थरात जस्तासोबत शिसं आणि कॅडमियमचा अंश असू शकतो. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ०.०१ आणि ०.००३. एवढं बारीक आपल्या ज्योतीच्या यंत्रावर भरवशाने मोजता येत नाही, ग्राफाईट फर्नेस लागते. नव्या अर्जात तेवढीच मागणी आहे, आणि नमुन्याच्या बाटल्या मीच भरून देणार आहे. तोवर पहाटेचं पहिलं पाणी आम्ही बादलीत धरून कपड्यांना वापरतो, चहा त्यानंतर.