मतदाराचे मन कसे घडते?

गेल्या वर्षावासात आपल्या मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात संविधानाच्या ३२६ व्या कलमावर, म्हणजे प्रौढ मताधिकारावर, चर्चा चालली होती. तेव्हा अकरावीतील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, पाचशे रुपये घेऊन मत देणाऱ्यांना मताचा अधिकार हवाच कशाला?" वर्गात काही जण हसले. मागे बसलेल्या आयाबायांपैकी मात्र कोणीही हसले नाही. आम्ही त्या दिवशी थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. स्मरणिकेसाठी लेख द्या, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा ते राहून गेलेले उत्तर आठवले. आम्ही बँकेत कारकून आहोत, विद्वान नव्हे. परंतु बी. ए.ला राज्यशास्त्र होते आणि निवडणुकीच्या कामावर तीन वेळा बोटाला शाई लावण्याचे काम केले आहे, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

मतदार आपले मत केव्हा आणि कशावरून ठरवतो, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध प्रथम अमेरिकेत घेतला गेला. १९४० साली तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात सामना होता. कोलंबिया विद्यापीठातील पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी हा जिल्हा निवडला आणि ६०० लोकांची मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा भेट घेतली. प्रत्येक वेळी विचारायचे, आता कोणाकडे कल आहे? बदलला असेल तर का बदलला? रेडिओ नुकताच घरोघरी पोचला होता. तेव्हा भाषणे ऐकून माणसे झपाट्याने इकडून तिकडे जात असतील, अशी अपेक्षा होती. १९४४ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले ते वेगळेच होते. सुमारे निम्म्या लोकांचे मत प्रचार सुरू होण्याआधीच, मे महिन्यातच ठरलेले होते आणि ते शेवटपर्यंत टिकले. एका पक्षाकडून सरळ दुसऱ्या पक्षाकडे गेलेले लोक शंभरात साधारण आठ.

मग हे मत ठरले कोठे? घरात, शेजारात, कामाच्या जागी, प्रार्थनास्थळी. नवरा-बायको, बाप-लेक बहुधा एकाच बाजूला निघाले. ज्यांना घर एकीकडे आणि कारखान्यातील मित्र दुसरीकडे ओढत होते, त्यांनी निर्णय लांबवत नेला, आणि त्यांतील कित्येकांचा निवडणुकीतील रसच कमी झाला. आणखी एक गोष्ट या अभ्यासकांच्या ध्यानात आली. वृत्तपत्रातले किंवा रेडिओवरचे म्हणणे पुष्कळांपर्यंत थेट पोचत नव्हते. वस्तीतील एखादा वाचणारा, ऐकणारा माणूस असे, त्याच्या तोंडून इतरांना कळे. हा माणूस पुढारी असेलच असे नाही. न्हावी असेल, दुकानदार असेल, शेजारीण असेल. लोक त्याच्यावर विश्वास ठेवीत, एवढेच.

हे अमेरिकेचे झाले, आपले काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आमच्या आजीची गोष्ट सांगतो. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. निशाणी हत्ती. हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर निशाणी. शिक्का मारायचा नव्हता, चिठ्ठी पेटीत टाकायची होती. आजीचे वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस. आम्ही कॉलेजात असताना मोठ्या ऐटीत तिला विचारले, "आजी, तू कोणाचं ऐकून मत दिलंस?" ती म्हणाली, "ऐकायचं काय त्यात? दोन्ही चिठ्ठ्या हत्तीच्या पेटीत टाकल्या."

हे सांगताना तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. त्यात काही चूक झाली असेल, हे तिच्या गावीही नव्हते. कायद्याने एका मतदाराचे एका उमेदवाराला एकच मत धरले जात असे. दुसरे मोजलेच जात नसे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत मात्र मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती. बाबासाहेबांचा स्वतःचा आग्रह त्याच पद्धतीचा होता, कारण विखुरलेल्या अल्पसंख्य समाजाचे बळ त्यामुळे एकवटते. १९५२ मध्ये ती सोय उरली नव्हती. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी आघाडी होती, म्हणजे आजीची दुसरी चिठ्ठी वडाच्या, म्हणजे समाजवाद्यांच्या झाडाच्या, पेटीत पडायला हवी होती. तशी ती पडली नाही. आणि झाडाच्या मतदारांनी आपली दुसरी चिठ्ठी हत्तीच्या पेटीत टाकायला हवी होती. आघाडी झाली १९५१ च्या अखेरीस. नेत्यांनी हात मिळवले म्हणून दोनेक महिन्यांत चाळीचाळीतील मनेही मिळतात असे नाही, हे एरी जिल्ह्याचा अभ्यास वाचला की कळते. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर १४,५६१ मतांनी निवडून आले. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पराभूत झाले.

आजीचे मत कोणी विकत घेतले नव्हते, तिला कोणी भुलवलेही नव्हते. उमेदवाराची पारख तिने वर्षानुवर्षांच्या अनुभवावर केली होती. ती पारख आजही चुकीची ठरवता येणार नाही. तिला ठाऊक नव्हता तो नियम, आणि तो समजावून देणारा माणूस तिच्या खोलीपर्यंत पोचला नव्हता.

ज्याला उमेदवाराचा असा अनुभव नाही तो मतदार काय करतो? तो खुणा पाहतो. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड टेक्सास राज्यात प्रचाराला गेले. तेथील मेक्सिकन वंशाच्या लोकांनी त्यांना टमाले दिला. मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला हा पदार्थ साल काढून खायचा असतो. फोर्डसाहेबांनी सालीसकट चावा घेतला. आपल्याकडे कोणी पानगी पानासकट खावी तसे! सॅम्युअल पॉपकिन या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत मुद्दाम दिली आहे. तो म्हणतो, मतदाराला जाहीरनामे वाचायला सवड नसते, म्हणून तो अशा छोट्या गोष्टींवरून अंदाज बांधतो की हा माणूस आपल्यात कधी जेवला आहे की नाही. यात मूर्खपणा नाही. आपल्या वस्तीतील बाई उमेदवाराची जात पाहते तेव्हा पुष्कळदा तिचा प्रश्न हाच असतो, की रात्री पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर हा फोन उचलेल काय? पाचशे रुपयांचेही तसेच. नोट घेतली म्हणजे मत दिलेच, असे नाही. पडद्याआड काय घडते ते पाकीट वाटणाऱ्याला दिसत नाही. घेणे योग्य, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्याने वाटले त्याला सोडून ज्याने घेतले त्याचाच हक्क काढायला आपण निघतो, हे आम्हाला खटकते.

खुणा फसव्याही असतात, आणि शिकलेलेही फसतात. २००५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी उमेदवारांच्या छायाचित्रांच्या जोड्या क्षणभर दाखवून विचारले, यातला कर्तबगार कोण? अमेरिकन सिनेटच्या दहापैकी सुमारे सात लढतींत लोकांनी ज्या चेहऱ्याकडे बोट दाखवले तोच उमेदवार प्रत्यक्षात विजयी झालेला होता. चेहऱ्यावरून कर्तबगारी! आमच्या शाखेत कर्ज मागायला येणाऱ्याचा चेहरा पाहून कर्ज दिले असते तर शाखा कधीच बंद पडली असती. आम्ही मागचे खाते पाहतो, थकबाकी पाहतो, जामीनदार कोण ते पाहतो.

उमेदवाराचे असे खाते आता उघडे आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित गुन्हे, स्वतःची व कुटुंबाची मालमत्ता, बँकांचे आणि सरकारचे देणे, शिक्षण, सारे असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. आम्ही मागच्या वेळी आपल्या मतदारसंघातील एकाचे प्रतिज्ञापत्र छापून वर्गात वाचले. मालमत्तेच्या रकान्यापर्यंत मुले कंटाळली होती. मग त्याच उमेदवाराचे पाच वर्षांपूर्वीचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवले, तेव्हा मागच्या रांगेतील आयाबाया पुढे सरकल्या. दोन आकड्यांतील फरक त्यांनी मुलांच्या आधी काढला आणि त्यांतील एकीने विचारले, "एवढं पाच वर्षांत कुठून आलं, ते लिहायचा रकाना कुठंय?"

त्या विद्यार्थ्याला आम्ही तो कागद पुन्हा वाचायला दिला. प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाच्या साधनांचाही रकाना आहे, हे त्यानेच पुढच्या रविवारी वर्गाला सांगितले. समोर लिहिले होते, "व्यवसाय व शेती".