पीळ : घरच्या घरी बनवा फर्ल्ड लीडर

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला टॉर्शनचा चॅप्टर आपण बहुतेक सगळे पेपरच्या आदल्या रात्रीच वाचतो. तोच चॅप्टर शिलाईच्या दोऱ्यावर, स्वतःच्या हातांनी करून बघायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी. बनवायची वस्तू आहे 'फर्ल्ड लीडर', आणि ती लागते फ्लाय फिशिंगला.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते जाड दोरीला, म्हणजे फ्लाय लाइनला. काठी मागे-पुढे झुलवली की ही लाइन हवेत उलगडत जाते आणि माशीला सोबत नेते. पण जाड लाइन माशाजवळ धपकन पडली तर मासा पळालाच समजा! म्हणून लाइन आणि माशी यांच्यामध्ये निमुळता होत जाणारा धागा जोडतात. तोच लीडर.

निमुळता का? लाइनमधली ऊर्जा पुढे सरकते तसं वस्तुमान कमी कमी होत गेलं, तर हवेचा विरोध असूनही वेग टिकतो आणि लीडर सरळ उलगडतो. चाबकाचं तत्त्व हेच. चाबकाचं टोक तर आवाजापेक्षा जास्त वेगाने जातं, म्हणून तो कडाडतो. आपल्याला मात्र कडाडायचं नाही, माशी अलगद उतरवायची आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोर बनवायची कृती आहे. पुढे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे गाठी मारून जोडायची पद्धत रूढ झाली. पण गाठीत शेवाळ अडकतं. फर्ल्ड लीडरमध्ये मधे गाठच नसते.

साहित्य : आठ फुटांची फळी, खिळे, बारीक पॉलिएस्टर दोरा, एक छोटी स्टीलची कडी, हँड ड्रिल आणि त्यात बसेल असं तारेचं हुक. (फळी हॉस्टेलच्या खाटेपेक्षा लांब असणार, तेव्हा कॉरिडॉर गाठा!)

कृती :

१. फळीवर दोन समांतर रांगांत ०, अडीच, साडेचार आणि सहा फुटांवर खिळे ठोका. सातव्या फुटावर दोन्ही रांगांना मिळून एकच खिळा ठोका आणि त्याला कडी अडकवा.

२. पहिल्या रांगेत पहिल्या दोन खिळ्यांभोवती दोऱ्याच्या ४ फेऱ्या घ्या. दुसऱ्या टप्प्यात ३, तिसऱ्यात २ आणि शेवटच्या टप्प्यात १ फेरी, तीही कडीतून. नवीन टप्प्याचा दोरा आधीच्या टप्प्याच्या फासांमधून ओवून न्यायचा, म्हणजे खिळा काढल्यावर दोन्ही टप्पे साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकतात. दोऱ्याची दोन्ही टोकं घट्ट बांधा. दुसऱ्या रांगेतही असंच करा.

३. एका रांगेचा जाड टोकाचा फास हुकात घ्या, मधल्या खिळ्यांवरून दोरा सोडवा आणि ताण धरून ड्रिल फिरवा. फेरे मोजत राहा. लांबी साधारण एक दशांशाने, म्हणजे आठ इंचांनी कमी झाली की थांबा. फास खिळ्याला अडकवा, पण ढिला सोडू नका, लगेच गुंता होईल.

४. दुसऱ्या रांगेला त्याच दिशेने, मोजून तितकेच फेरे द्या.

५. आता दोन्ही फास एकाच हुकात घ्या आणि उलट दिशेने फिरवा. दोन्ही धागे एकमेकांना मिठी मारतात. मधूनमधून ताण थोडा कमी करून बघा. दोर वेटोळं घालत असेल तर अजून फिरवा. निवांत लोंबकळला की झालं.

६. दोर ओला करून, टोकाला हलकं वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. मग मेण चोळा, नाहीतर धाग्यांमधे पाणी भरतं आणि प्रत्येक फेकीला तुषार उडतात.

कडीला दोन-तीन फूट बारीक नायलॉन बांधायचं. त्याला टिपेट म्हणतात. हे लीडरपेक्षा कमजोरच हवं. इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल, हा फ्यूज आहे. मोठा मासा लागला तर टिपेट तुटतं, लीडर वाचतो आणि माशाच्या मागे लांबलचक दोर जात नाही.

सगळ्यात महत्त्वाची पायरी चौथी. दोन्ही धाग्यांना सारखा पीळ असेल तर प्रत्येकजण उलगडू बघतो आणि त्यामुळेच दुसऱ्याला आणखी घट्ट आवळतो. पीळ कमी-जास्त झाला तर एक धागा सरळ राहतो, दुसरा त्याच्याभोवती नुसता गुंडाळला जातो. मग सगळा भार एकट्यावर येतो आणि तोच आधी तुटतो.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'ट्विस्ट' हा शब्द मला आधी माहीत होता, 'पीळ' नंतर कळला. पण गावाकडे अंबाडीचं चऱ्हाट वळणाऱ्या माणसाला हे गणित फॉर्म्युल्याशिवाय ठाऊक असतं. पीळ किती झाला हे त्याच्या बोटांना कळतं. आपल्याला T/J पाठ असतं, पण टॉर्क हाताला कसा लागतो ते माहीत नसतं.

ट्राउट आपल्या सह्याद्रीत नाही, त्याला थंड पाणी लागतं. कधी हिमाचलात तीर्थन किंवा बियासच्या काठी गेलात तर मत्स्य विभागाचा परवाना काढा आणि हा लीडर वापरून बघा. तोपर्यंत निदान एक तरी वळून ठेवा. आणि हो, फेरे मोजायला विसरू नका!