चराचं माप आणि पोकलेनचं बिल

शिरोळ भागात क्षारपड रानातलं पाणी काढायला शेताच्या कडेनं उघडा चर मारतात. आम्हीही मारला. पोकलेनवाल्याशी दर ब्रासवर ठरला होता, त्यात कुरबुर नव्हती. वाद निघाला ब्रास किती भरले यावर. त्याच्या चिठ्ठीत होतं: लांबी ४०० फूट, रुंदी १६, खोली ६. गुणाकार ३८,४०० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३८४ ब्रास. गुणाकार चोख होता.

खोट रुंदीत होती. सोळा फूट हे चराचं तोंड. तळ चारच फूट. काळ्या मातीत उभा काठ टिकत नाही, म्हणून दोन्हीकडून ढाळ देतात. आमच्या चराला फुटाला फूट ढाळ होता. असा चर आडवा कापला तर दिसतो समलंब चौकोन. १६ आणि ४ यांची बेरीज २०, तिचं निम्मं १०, त्याला खोली ६ नं गुणलं की ६० चौरस फूट. त्याला लांबीनं गुणा: २४,००० घनफूट, २४० ब्रास. उरलेली १४४ ब्रास माती नुसती कागदावर निघाली होती!

हे दाखवल्यावर तो म्हणाला, "बरं अण्णा, परत मोजू. टेप तुमचा, धरणारं पोरगंबी तुमचंच." आणि टेप पसरला तो ढाळावरून. भरले साडेआठ फूट. तीच खोली धरली तर ३४० ब्रास होतात, म्हणजे शंभर ब्रास मागच्या दारानं पुन्हा आत. ढाळावरचं अंतर ही खोली नव्हे. या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणा आणि तिच्यापासून ओळंबा तळाला सोडा, ती खोली. आमची तशी सहा फूटच निघाली.

यात शिकलेली माणसंही अडखळतात. शाळेतली चिती पायावर उभी असते, म्हणून 'पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची' पाठ झालेलं असतं. चर म्हणजे आडवी पडलेली चिती. तिचा पाया म्हणजे तो कापलेला समलंब चौकोन, आणि तिची उंची म्हणजे चराची लांबी. खोली ही फक्त त्या चौकोनाची उंची. दोन उंच्या वेगळ्या ठेवल्या की निम्मे घोळ मिटतात.

अर्थात शेतातला चर सगळीकडे सारखा नसतो. आमचा मध्यावर सहा फूट असला तरी वरच्या टोकाला पाच फूट खोल होता, खालच्या टोकाला सात. तळ आणि ढाळ तेच राहिले तर टोकांची क्षेत्रफळं ४५ आणि ७७ चौरस फूट येतात, मधलं ६०. दोन टोकांची नुसती सरासरी ६१. दोन्ही टोकं आणि मधल्याची चौपट मिळवून सहानं भागलं तर ६०.३३, म्हणजे सुमारे २४१ ब्रास. सहानं भागण्याची ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५०च्या 'लीलावती'त खणलेल्या खड्ड्यांचा स्वतंत्र भाग आहे, त्यात तोंड आणि तळ वेगवेगळे असलेल्या खड्ड्याला सहानंच भागलंय. चर लांब असेल तर थोड्याथोड्या अंतरावर छेद घ्यावा आणि तुकड्या-तुकड्यानं बेरीज करावी.

ट्रॉल्या मोजून हिशेब करायला मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. खणलेली माती फुगते. जमिनीतला एक ब्रास ट्रॉलीत एक ब्रास राहत नाही. माप खड्ड्याचंच घ्यायचं, हे काम सुरू होण्याआधी चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंड, तळ, ओळंब्याची खोली, लांबी हे चार रकाने त्याच चिठ्ठीवर आखून ठेवा. टेप मीटरचा असेल तर २.८३ घनमीटरचा एक ब्रास.

आणि मोजणी पहिल्या पावसाच्या आत उरका. चरात पाणी उतरलं की ढाळाची माती तळाशी बसते, चार फुटांचा तळ गाळाखाली जातो, आणि मग तुमचं खरं की त्याचं, हे टेपला सांगता येत नाही.