जुनाट कंबरदुखीवर नियंत्रित हालचालींचा उपाय : पिलाटेस व्यायामपद्धती

भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी स्त्री, उसाच्या फडात मोळ्या उचलणारा तोडणी कामगार, दिवसभर एकाच आसनावर बसून गाडी हाकणारा एस. टी. चालक, फळ्यासमोर तासन्‌तास उभा राहणारा शिक्षक आणि टेबलावर मान घालून बसलेला लिपिक यांच्या कामांत फारसे साम्य नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेकांची एक तक्रार समान असते, ती म्हणजे कंबरदुखी. प्रथम एखाद्या दिवशी उसण भरते, दोन-चार दिवसांत ती ओसरते. काही महिन्यांनी पुन्हा भरते आणि पुढे केव्हातरी दुखणे मुक्कामालाच येते. जे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते त्याला वैद्यकशास्त्र जुनाट कंबरदुखी म्हणते.

हा आजार जिवावर बेतणारा नसला तरी माणसाला कामातून उठवणारा आहे. जगभरातील आरोग्यविषयक आकडेवारीच्या अभ्यासानुसार २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. ज्या कुटुंबाचा चरितार्थ अंगमेहनतीवर चालतो त्या कुटुंबात कमावत्या माणसाची कंबर धरली की रोजंदारी बुडते आणि औषधपाण्याचा खर्च वाढतो. म्हणूनच या दुखण्यावरील कोणता उपाय खरा आणि कोणता केवळ खर्चाचा, हे समजून घेणे आवश्यक ठरते. अशा उपायांपैकी ‘पिलाटेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यायामपद्धतीचा परिचय येथे करून दिला आहे.

दुखण्याचे खरे स्वरूप

कंबरेच्या भागात पाठीच्या कण्याचे पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिलाच बोलीभाषेत ‘गादी’ म्हणतात. कंबर दुखू लागली की ‘गादी सरकली’ असे निदान घरीच केले जाते आणि रुग्ण धास्तावतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याला एखादा ठरावीक रोग वा इजा कारण म्हणून दाखवता येत नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींची एम. आर. आय. तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्यातील ६४ टक्के व्यक्तींच्या एका तरी चकतीत काही ना काही दोष आढळला. केस पिकावेत तसे चकतीतही वयोमानानुसार बदल होतात. छायाचित्रात दिसणारा प्रत्येक बदल दुखण्याचे कारण असतोच असे नाही.

दुखणे जुने होण्यास आणखी एक गोष्ट हातभार लावते, ती म्हणजे भीती. हालचाल केली तर कंबर आणखी बिघडेल या धास्तीने रुग्ण वाकणे टाळतो, चालणे कमी करतो, पट्टा बांधून बसतो. त्यामुळे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि थोड्याशा श्रमानेही कंबर पुन्हा दुखते. दुखण्यातून भीती, भीतीतून निष्क्रियता आणि निष्क्रियतेतून पुन्हा दुखणे, असे हे चक्र आहे.

विश्रांतीविषयीचा समज

कंबर धरली की अंथरुणावर पडून राहावे, हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. या समजुतीला १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने धक्का दिला. त्यात कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगण्यात आले होते. सात दिवस पडून राहणाऱ्यांना अधिक आराम पडला नाही. मात्र त्यांचे कामाचे दिवस अधिक बुडाले. पुढील काळातील संशोधनाने हीच दिशा पक्की केली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण आणि पद्धतशीर व्यायाम यांचा पुरस्कार केलेला आहे. उलट कंबरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्याचा वापर करू नये असे म्हटले आहे.

व्यायाम करावा हे ठरले; पण दुखऱ्या कंबरेने तो कसा करावा, हा प्रश्न उरतो. पिलाटेस पद्धतीचे महत्त्व येथेच आहे.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील मंशनग्लाडबाख येथे झाला. बालपणी ते प्रकृतीने अशक्त होते, दम्याचा त्यांना त्रास असे. प्रकृती सुधारावी म्हणून त्यांनी निरनिराळ्या व्यायामप्रकारांचा अभ्यास केला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावरील नॉकालो छावणीत ठेवण्यात आले. तेथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पडल्यापडल्या व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी खाटांना स्प्रिंगा बसवल्या, असे सांगितले जाते. या पद्धतीतील पुढील काळातल्या स्प्रिंगांच्या उपकरणांचे मूळ याच कल्पनेत असल्याचे मानतात.

१९२६ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्क शहरात त्यांनी व्यायामशाळा काढली. नृत्य करताना दुखापत झालेले कलावंत तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नव्हते. ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे ते म्हणत. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ३४ व्यायामप्रकार दिलेले आहेत आणि ते सर्व जमिनीवर, केवळ अंथरलेल्या चटईवर करावयाचे आहेत. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९८० साली फ्रीडमन आणि आयझेन या लेखकद्वयाने या पद्धतीची सहा सूत्रे मांडली. शरीराच्या मध्यभागावर भर, एकाग्रता, नियंत्रण, अचूकपणा, श्वास आणि हालचालींतील ओघ ही ती सूत्रे होत.

कंबरेला आधार कसा मिळतो

पोटाच्या सर्वांत आतल्या थरात एक रुंद स्नायू कंबरेभोवती आडवा गुंडाळलेला असतो. वरच्या बाजूला श्वासपटल, खालच्या बाजूला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मागे कण्यालगतचे लहान स्नायू मिळून कंबरेभोवती एक कोठी तयार होते. कण्याला आधार देण्यात या कोठीचा मोठा वाटा असतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी असे दाखवून दिले की, निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्यापूर्वीच हा आडवा स्नायू आवळला जातो; कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा जागा होतो. पिलाटेस व्यायामात प्रत्येक हालचालीपूर्वी श्वास सोडत पोट हलकेच आत घेण्यावर जो भर असतो, त्याचे समर्थन या निष्कर्षाच्या आधारे केले जाते. मात्र केवळ एका स्नायूच्या बळकटीने दुखणे जाते असे मानणे योग्य होणार नाही. हळूहळू हालचाल वाढत गेल्याने मनातील भीती ओसरते आणि आपली कंबर काम करू शकते हा विश्वास परत येतो, हाही लाभाचा मोठा भाग आहे.

संशोधनाचा निष्कर्ष

वैद्यकीय चाचण्यांचे निःपक्षपाती परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली पिलाटेसविषयीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण यांचा समावेश होता. अगदी जुजबी उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत पिलाटेस करणाऱ्यांचे दुखणे आणि त्यामुळे येणारी असमर्थता अधिक कमी झाली, असे त्यात आढळले. परंतु इतर व्यायामांपेक्षा ही पद्धत श्रेष्ठ आहे असा निर्णायक पुरावा मिळाला नाही. याच संस्थेच्या २०२१ सालच्या, सर्व प्रकारच्या व्यायामांविषयीच्या २४९ चाचण्यांच्या आढाव्यात, व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे १०० गुणांच्या मापनात सरासरी सुमारे १५ गुणांनी कमी आढळले. त्याच वर्षी २१७ चाचण्यांच्या दुसऱ्या एका विश्लेषणात पिलाटेसची गणना अधिक गुणकारी व्यायामप्रकारांत करण्यात आली.

या सर्वांचा मथितार्थ असा की, पिलाटेस हा चमत्कार नव्हे, पण विश्वासार्ह उपाय आहे. त्याचे सामर्थ्य नावात किंवा महागड्या यंत्रांत नसून सावकाश, नियंत्रित आणि नियमित हालचालीत आहे. योगासने, चालणे किंवा अन्य व्यायाम ज्याला मानवतो त्याने तो सोडून पिलाटेसच करावा, असा याचा अर्थ नाही. जो व्यायाम माणूस नेमाने करील तोच त्याच्यासाठी चांगला.

आरंभीचे पाच पाठ

जमिनीवर चटई किंवा दुहेरी सतरंजी अंथरावी. शक्यतो सुरुवातीचे काही दिवस भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सराव करावा.

१. श्वसन : उताणे झोपून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीला टेकवावेत. श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्याव्यात. श्वास सोडताना बेंबीचा भाग हलकेच आत घ्यावा. श्वास कोंडू नये.

२. कंबर टेकवणे : त्याच स्थितीत श्वास सोडत कंबर जमिनीला हळूच टेकवावी आणि श्वास घेत पूर्वस्थितीला आणावी.

३. टाच सरकवणे : कंबर न हलवता एका पायाची टाच जमिनीवरून पुढे सरकवावी, पुन्हा जवळ आणावी. नंतर दुसऱ्या पायाने तसेच करावे.

४. कंबर उचलणे : गुडघे वाकवलेले ठेवून श्वास सोडत नितंब व कंबर सावकाश वर उचलावी आणि तितक्याच सावकाश खाली आणावी. योगाभ्यासातील सेतुबंधाशी याचे साम्य सहज लक्षात येईल.

५. चौपायी स्थिती : हात व गुडघे टेकून पाठ सपाट ठेवावी. एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांबवावा, क्षणभर थांबून परत आणावा. नंतर बाजू बदलावी.

प्रत्येक प्रकार प्रारंभी सहा ते आठ वेळा पुरेसा आहे. पिलाटेस यांच्या पुस्तकातील पहिला व्यायाम ‘शंभर’ या नावाचा आहे. त्यात डोके व पाय अधांतरी ठेवून हात शंभर वेळा हलवावे लागतात. दुखऱ्या कंबरेने आरंभ त्यापासून करू नये. व्यायामानंतर थोडा ठणका जाणवून दुसऱ्या दिवशी तो शमत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र कळ पायात उतरू लागली तर तो प्रकार थांबवावा. कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यातील उपचारक्रम १० ते ९० दिवसांचे होते. म्हणजेच चार दिवस करून सोडून देण्याचे हे काम नव्हे.

केव्हा प्रथम डॉक्टरांकडे जावे

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठले पाहिजे. कंबरदुखीसोबत ताप असणे, वजन कारणाशिवाय घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यामुळे वा अपघातामुळे दुखणे सुरू झालेले असणे, अशा वेळीही तपासणी झाल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार टाळावेत. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम करावा.

गावपातळीवर काय करता येईल

शहरांत पिलाटेसच्या वर्गांचे शुल्क सामान्य माणसाला परवडणारे नसते आणि खेड्यांत असे वर्ग बहुधा नसतातच. तथापि चटईवरील व्यायामाला जागा, थोडा वेळ आणि एकदा नीट शिकवणारा माणूस एवढेच लागते. शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह सकाळी अर्धा तास यासाठी सहज उपलब्ध होऊ शकते. जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार विभागाच्या मदतीने शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांना हे प्राथमिक पाठ व धोक्याची लक्षणे शिकवता येतील. कार्यालयांतही दर तासाला खुर्चीतून उठून चार पावले चालण्याची सवय लावून घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

व्यायामाच्या वर्गाइतकेच महत्त्व योग्य समज पसरवण्याला आहे. कंबर दुखते म्हणून ती मोडकी झाली, असे नव्हे. पट्ट्यात जखडून ठेवलेली आणि अंथरुणावर टाकलेली कंबर दुबळी होत जाते. धीराने, थोडीथोडी आणि रोज वापरलेली कंबर सावरते. आपल्या गावातील, शाळेतील वा कार्यालयातील कंबरदुखीने खचलेल्या एखाद्या माणसाला एवढे पटवून देता आले तरी त्याच्या बरे होण्याची सुरुवात झाली असे म्हणता येईल.